फेब्रुवारीचं पान

डॉक्टरांना खोटी तारीख मी सांगितली नाही. ती आत्यांनी सांगितली. आत्यांना मात्र मी सांगितली होती, आणि सगळं अडलं होतं ते तिथंच.

सासूला मी आत्या म्हणते. सुलाबाई त्यांचं नाव. पाटणच्या पुढे आमचं गाव, आणि त्या गावात आत्यांच्या स्मरणशक्तीला कुणी आव्हान देत नाही. कुणाची म्हैस कधी व्यायची इथपासून कुणाच्या सुनेला कितवा महिना चाललाय इथपर्यंत सगळं त्यांच्या बोटांवर. माझी पाळी आली की त्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका लावायच्या. मला लाज वाटायची, पण नवी सून किती आणि कशाकशाला नाही म्हणणार? तर त्या बुधवारी, नोव्हेंबरात, माझं पोट नाकापर्यंत आलेलं असताना, आत्या पाटणहून सांगलीला आल्या त्या फेब्रुवारीचं पान घेऊन. कॅलेंडरवरून फाडलेलं, चार घड्या घातलेलं. अकरा तारखेच्या चौकोनात ठिपका.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी सातव्या महिन्यापासून पलूसला आईकडे होते आणि दवाखाना सांगलीचा. डॉ. सिमरन मुजावर शांत बाई. हळू बोलतात आणि बोलताना पेशंटकडेच बघतात, बरोबर आलेल्या माणसांकडे नाही. आई आणि आत्या दोघीही माझ्याबरोबर आत आल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, सोनोग्राफीचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "चाळीस आठवडे आणि एक दिवस. पिशवीचं तोंड अजून घट्ट आहे. बाळ साडेतीन किलोच्या वर आहे, तुझी चण लहान. आतलं पाणी थोडं कमी झालंय, पण काठावर आहे. आपल्याकडे दोन वाटा आहेत, रेश्मा. उद्या दाखल व्हायचं, गोळी देऊन कळा सुरू करायच्या. त्याला एक दिवस लागेल, कदाचित दोन, आणि तोंड उघडलंच नाही तर शेवटी सिझर करावं लागेल. किंवा सरळ दिवस ठरवून सिझर करायचं. दोन्हींतलं कुठलंही चुकीचं नाही."

"मग सोमवारी सिझर करा," आत्या लगेच म्हणाल्या. "माझा ल्योक रविवारी मिरजंला उतरतोय. मिल्ट्रीत हाय. दोन म्हैनं सुट्टी मिळालीय त्याला."

"सोमवारी या तारखेनं एक्केचाळीस आठवडे पुरे होत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "रोज येऊन ठोके तपासून घेणार असाल तर थांबता येईल. पण तारीख पक्की हवी. पहिल्या सोनोग्राफीत आठ दिवसांचा फरक दिसतोय, बाळ पुढचं दिसतंय."

आत्यांनी पिशवीतून पान काढलं, टेबलावर पसरलं आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो बघा पुरावा. आवं, माझी तारीख आजवर चुकलेली न्हाई."

डॉक्टर हसल्या. "असा पुरावा मला आजवर कुणी दिला नाही."

त्या ठिपक्यामागची गोष्ट त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होती.

आमचं लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी शिवतेजची सुट्टी संपली. देवीचा गोंधळ राहिला. गोंधळाला नव्या जोडप्यानं शेजारी बसायचं असतं, त्यामुळे नवरा सिक्कीमच्या बर्फात आणि बायको पाटावर एकटी, असं चालत नाही. वर्षभर आत्या म्हणत राहिल्या, "गोंधळ ऱ्हायलाय, म्हणून घरात पाळणा हलंना." नवरा वर्षभर घरी नव्हता हे कारण त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. मग जानेवारीत तो आला आणि दोन फेब्रुवारी, रविवार ठरला. गोंधळी आले, भावकी जमली, पुरण शिजलं. दुपारी चार वाजता मी मोरीत गेले आणि कळलं. नऊ दिवस आधीच.

मी बीएस्सी आहे. पाळीत विटाळ वगैरे काही नसतो हे मी कॉलेजात पोरींशी भांडून सांगितलेलं आहे. पण दाराच्या फटीतून मला आत्या दिसत होत्या. नवं लुगडं नेसून त्या स्वतःच्या हातानं गोंधळाचा चौक मांडायची जागा पुसत होत्या आणि स्वतःशीच हसत होत्या. मी बोलले असते तर सगळं उठलं असतं आणि शिवतेजची पुढची सुट्टी कधी, ते त्याच्या साहेबालाही माहीत नव्हतं. मी तोंड धुतलं, हिरवी साडी नेसले आणि नवऱ्याशेजारी जाऊन बसले. देवीची ओटी भरली, दिवटीला तेल घातलं. शिवतेजलासुद्धा सांगितलं नाही.

मग अकरा तारीख आली, आत्यांच्या बोटांवरची माझी तारीख. काहीतरी दाखवणं भाग होतं. खोटी पाळी घेऊन चार दिवस कोपऱ्यात बसणारी पाटण तालुक्यातली मी पहिलीच असेन. आत्यांनी ठिपका लावला. वीस तारखेला शिवतेज गेला आणि मार्चात पाळी आलीच नाही. आत्यांनी गावभर पेढे वाटले. "गोंधळ घातला आन् देवी पावली," हे त्या एसटीच्या कंडक्टरलाही सांगायच्या. आता ह्यानंतर तोंड उघडायचं कसं? पहिली सोनोग्राफीही उशिरा झाली, कारण पाचवा लागल्याशिवाय गर्भाला मशीन दाखवायचं नाही असं आत्यांचं मत. तेव्हा कराडचे डॉक्टर म्हणाले होते, आठ दिवसांचा फरक एवढ्या उशिरा चालतो. चालतो म्हटल्यावर मी गप्प बसले. मला तेवढंच हवं होतं.

पण आता नऊ दिवस मिळवले की आजच एक्केचाळीस आठवडे तीन दिवस होत होते. आणि सोमवारी बेचाळीसच्याही पुढे एक दिवस.

"मला सोमवार नको," मी म्हणाले. "उद्याच कळा सुरू करा."

तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या.

"का गं?" आई म्हणाली. "दोन दिस कळा सोसायच्या आन् परत पोट फाडायचं? आपल्या शेजारच्या पोरीचं तसंच झालं. दोन्हीकडनं मार."

"बाळाचा बाप चार दिसांवर आलाय," आत्या म्हणाल्या. "तुला एवढी कसली घाई?"

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "बाहेर बसून बोला," त्या म्हणाल्या. "मी राउंड घेऊन येते. बारा वाजता ठरवू."

बाहेरच्या बाकावर मी मधे, एका बाजूला आई, एका बाजूला आत्या. आत्यांनी शिवतेजला फोन लावला. एरवी तीन-तीन दिवस न लागणारा त्याचा फोन त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागला.

"रेश्मा, चारच दिवस," तो म्हणाला. "सायबाच्या किती मागं लागून सुट्टी घेतलीय. पोराला पहिल्यांदा मोबाईलवर बघू व्हय गं मी?"

मलाही तेच हवं होतं. सोमवारी सकाळी त्याचा हात धरून आत जायचं, कळा नाहीत, धावपळ नाही, दहाला आत आणि अकराला बाळ. मीसुद्धा महिनाभर मनात तो सोमवारच घोळवत होते. वाईट म्हणजे त्याला हो म्हणणं किती सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याची मला नऊ महिन्यांची सवय झालेली होती.

आत्या पाणी आणायला गेल्यावर मी आईला हळूच विचारलं, "आई, तारीख जरा मागंपुढं असंल तर?"

"इहीणबाईंची तारीख कवा चुकती व्हय?" आई म्हणाली आणि चहा सांगायला उठली.

मी पोटावर हात ठेवून बसले. सकाळपासून बाळ सहा वेळा हललं होतं. काल याच वेळेपर्यंत दहा वेळा. कदाचित झोपलं असेल. कदाचित मीच मोजायला चुकले असेन. दिवस उलटून गेल्यावर बाळाला पोसणारी वार दमते, बाळाला पुरेसं मिळत नाही, हे मी मोबाईलवर इतक्यांदा वाचलं होतं की मला ती वाक्यं पाठ झाली होती. सगळ्यांचं काही होतं असं नाही, असंही तिथंच लिहिलं होतं. मी आलटून पालटून दोन्ही वाक्यं मनात म्हणत होते.

आणि एक गोष्ट मी कुणापाशी बोलले नव्हते. बाळाला काही झालं आणि मग खरं बाहेर आलं, तर आत्या म्हणतील की देवीला फसवलं त्याचं हे फळ. ते ऐकून घेता आलं असतं. पण मलाही तसंच वाटेल, याची भीती जास्त होती. त्या बाकावर माझी बीएस्सी माझ्या काही कामाची नव्हती.

आत्यांनी आणलेलं गार पाणी मी घटाघटा प्यायले आणि वाट बघितली. गार पाणी प्यायलं की ते नेहमी हलायचं. समोरच्या घड्याळात पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत्या शेजारी बसून कुणालातरी फोनवर सांगत होत्या, सोमवारी दहाला, आमचा शिवतेज आला की. सतरा मिनिटं झाली तेव्हा डाव्या बाजूला एक हलकीशी हालचाल झाली. एरवी ते लाथ मारतं, पण ही लाथ नव्हती. कुणीतरी दार वाजवावं की नको अशा संकोचानं वाजवावं, तसं काहीतरी.

बारा वाजता आम्ही परत आत गेलो. आत्यांचं ऐकून सिस्टर सोमवारचा फॉर्म भरायला बसल्याच होत्या. "सोमवार, सकाळी दहा. शेवटची पाळी अकरा फेब्रुवारी. बरोबर?"

"बरोबर," आत्या म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हणाले. "अकरा न्हाई. दोन."

सिस्टरचं पेन थांबलं.

"काय बोलतीस?" आत्या म्हणाल्या. "गोंधळ हुता की दोनला."

"व्हय आत्या. गोंधळाच्याच दिवशी. दुपारी चार वाजता." मी टेबलावरच्या ठिपक्याकडे बघत बोलले. "मी तशीच बसले पाटावर. तुमाला सांगितलं न्हाई. अकराला मला काय झालं नव्हतं. मी खोटं बसले बाजूला."

आईनं पदर तोंडाला लावला. "अगं रेश्मा," एवढंच म्हणाली.

टेबलावर अजून पसरलेलं पान आत्यांनी जवळ ओढलं. एक घडी घातली, दुसरी घातली, तिसरी, चौथी. पान पिशवीत ठेवलं, उठल्या आणि दार उघडून बाहेर निघून गेल्या.

डॉक्टरांनी त्या दाराकडे बघितलंही नाही. "नक्की दोन?" त्यांनी मला विचारलं.

"नक्की."

"म्हणजे सोनोग्राफी बरोबर होती." त्यांनी सिस्टरच्या हातातून कागद घेतला आणि सोमवारवर काट मारली. "बाळ हलतंय?"

"सकाळपासून कमी झालंय."

मग सगळं भराभर झालं. मला आडवं केलं, पोटाला पट्टे बांधले, मशीनमधून ठोक्यांचा आवाज यायला लागला आणि कागदाची पट्टी सरकत राहिली. अर्धा तास मी त्या आवाजाला जीव टांगून पडून होते. शेवटी डॉक्टरांनी पट्टी हातात घेऊन वाचली.

"ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "आता ऐक. आज तुला घरी सोडत नाही. वाटा त्याच दोन आहेत, पण आजच्या. गोळी देऊन कळा सुरू करू, मशीन सतत लावून ठेवू आणि ठोके जरा जरी बिघडले तरी लगेच सिझर. किंवा आत्ताच सिझर. तू सांग."

"तुमाला काय वाटतं?"

"पट्टी अशी आहे तोवर कळांना संधी द्यायला हरकत नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही."

आई म्हणत होती, सिझर कर, मोकळी हो. पण मला ज्या सिझरची ओढ होती त्यात शिवतेज होता. तो नसताना ते नुसतं एक ऑपरेशन होतं, आणि ऑपरेशनला मी भीत होते. बाळ ठणठणीत असेल तर त्याला त्याच्या वाटेनं येऊ द्यावं, असं मला मनापासून वाटलं. "कळा सुरू करा," मी म्हणाले.

"दोन्हींच्या कागदांवर सही घेऊन ठेवते," सिस्टर म्हणाल्या. "सासरचं कोण आहे?"

आईनं जाऊन आत्यांना बोलावलं. त्या आल्या, चष्मा लावला आणि जिथं जिथं बोट दाखवलं तिथं एकेक अक्षर सुटं काढत सही केली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी मांजरानं दूध सांडलं तरी त्या अर्धा तास बोलतात. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सही करून त्या बाहेर जाऊन बसल्या त्या बसल्याच.

एक वाजता गोळी दिली. चारच्या सुमाराला कळा सुरू झाल्या, आधी पाठीत आणि मग सगळीकडे. आई पाठ चोळत होती. दाराच्या काचेतून मला आत्यांच्या पदराचा कोपरा दिसायचा. तो हलला की वाटायचं आता आत येतील, पण त्या आल्या नाहीत. साडेपाचला डॉक्टर तपासून म्हणाल्या, दोन बोटं तोंड उघडलंय, छान चाललंय. मला तेवढ्यात हसू फुटलं. सहा वाजता मशीनचा आवाज मंदावला.

एक कळ आली आणि ठोके खाली गेले. कळ ओसरली, ठोके सावकाश वर आले. पुढच्या कळेला पुन्हा तसंच, आणि वर यायला आधीपेक्षा जास्त वेळ. मला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पाण्याची पिशवी फोडली आणि सिस्टरकडे बघितलं. पाणी हिरवट होतं. बाळानं आतच शी केली होती.

"आता वाट बघायची नाही, रेश्मा," डॉक्टर म्हणाल्या.

दोन्ही सह्या कामाला आल्या. टेबलावर पाठीत सुई टोचताना मी देवीचं नाव घेत होते आणि त्याच वेळी तिची माफी मागत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. पडद्याच्या पलीकडे ओढाताण जाणवली. कुणीतरी "आली" म्हणालं. मग काहीच आवाज नाही. नळीचा खरखर आवाज, पावलं, पुन्हा काहीच नाही. तेवढ्या वेळात मी सगळं कबूल केलं असतं, केलेलं आणि न केलेलंही. मग ती रडली, चिडून, मोठ्यानं.

"मुलगी," सिस्टर तिला माझ्या गालाला लावत म्हणाल्या. "नखं बघा हिची, केवढी वाढलीत. कातडीबी सोलवटलीय. बाईसाहेबांचे दिवस चांगलेच उलटले होते."

वॉर्डात आणलं तेव्हा साडेआठ झाले होते. कमरेखालचं शरीर अजून माझं नव्हतं. आई औषधं आणायला खाली गेली होती. खुर्चीत आत्या बसल्या होत्या, मांडीवर दुपट्यात मुलगी. मी डोळे मिटून पडून राहिले. तेवढ्यात आत्यांचा फोन वाजला. शिवतेजचा व्हिडिओ कॉल.

आत्यांनी त्याला लेक दाखवली. बराच वेळ पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "आये, सोमवारी ठरलं हुतं नव्हं? आज कसं काय झालं? दुपारपास्नं फोन लावतोय, कुणी उचलंना. रेश्माला काय झालंय का? खरं सांग."

मी डोळे उघडले. आता हे माझं मलाच सांगायला हवं होतं. मी घसा साफ केला.

"रेश्माला काय झालं न्हाई," आत्या म्हणाल्या. "तारीख माझ्याकडनं चुकली."

"तुझ्याकडनं?"

"व्हय, माझ्याकडनं. कुंकू चुकीच्या घरात लागलं. नऊ दिसाचा फरक पडला. डाक्टरबाईंच्या ध्यानात आलं, म्हणून पोर हाताला लागली."

"आये, तुझी तारीख चुकली?" तो रडता रडता हसायला लागला. "गावात सांगू का?"

"सांग की. माणसाची चुकत न्हाई व्हय?" आत्यांनी फोन बंद केला आणि उलटा करून खाटेवर ठेवला.

मला रडू आवरेना. पोटाला हिसका बसत होता तरी आवरेना.

"गप. टाकं ताणत्याल," आत्या म्हणाल्या. आवाजात माया नव्हती. "लय राग आलाय मला तुझा. सव्वा म्हैना झाला की बोलणार हाय मी, सोडणार न्हाई."

"व्हय आत्या."

त्यांनी मुलीची मूठ उघडली आणि ती इवली लांब नखं चष्म्यातून निरखून बघितली, एकेक बोट पुढे घेऊन. पाचही बोटं बघून झाल्यावर मूठ पुन्हा मिटवली आणि स्वतःच्या हातात धरून ठेवली.

"गोंधळ परत घालायचा," त्या म्हणाल्या. "त्याच्या फुडच्या सुट्टीत. तारीख तू सांगायची. मी इचारणार न्हाई."